कॉलम दुरुस्तीचा मुरगूड पॅटर्न

सर्वप्रथम अभिनंदन. ‘अमक्याच्या पोराला कॉम्प्युटरातलं कळतंय’ ही बातमी मुरगुडात पसरली आहे. आता एखाद्या दूध संस्थेचे सचिव पेनड्राइव्ह घेऊन तुमच्या सोप्यात येऊन बसणार. त्यात दहा दिवसांच्या संकलनाची फाइल असणार: सभासदाचा कोड, गाव, सकाळ की संध्याकाळ, म्हैस की गाय, लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). शेवटचा ‘दर’ हा कॉलम कोरा. तो तुम्ही भरायचा. ‘त्यात काय, पायथनमध्ये एक फंक्शन लिहितो आणि कॉलमला लावतो, पाच मिनिटांचं काम,’ असं तुम्ही चहा पिता पिता बोलून गेला आहात. आईनंही ते ऐकलं आहे. तेव्हा माघार नाही.

घाबरू नका. फंक्शन लिहायला फार अक्कल लागत नाही. लिहिलेलं चाललं नाही की मग लागते, आणि तिच्यावाचून वेळ कशी मारून न्यायची तेच इथं शिकवलं आहे. ध्येय एकच ठेवा: पडद्यावरची लाल अक्षरं गेली पाहिजेत. बिल बरोबर येणं हे वेगळं खातं आहे, त्याचा चार्ज आपल्याकडे नाही.

साहित्य फारसं लागत नाही. एक लॅपटॉप, पायथन, आणि त्यात तक्ते हाताळणारं पांडाज. वेस मॅकिनी नावाच्या माणसानं २००८ साली एका गुंतवणूक कंपनीत नोकरी करताना ते लिहायला घेतलं. शेअर बाजारातल्या आकड्यांसाठी बनलेलं अवजार वेदगंगेकाठच्या म्हशींना लागू पडेल का, असली शंका सचिवांसमोर काढू नका.

पायरी १. कंस टाका

फंक्शनला नाव द्या. ‘दर_काढ’ चालेल, पायथनला देवनागरी नावं चालतात. मग ते फॅटच्या कॉलमला लावा आणि नावापुढे न चुकता रिकामा कंस टाका. सगळे नवशिके टाकतात. कंस पडला की फंक्शन जागच्या जागी, हातात फॅट नसतानाच कामाला लागतं आणि ‘एक आर्ग्युमेंट मिळालं नाही’ म्हणून लाल अक्षरांत बोंब ठोकतं. खरं तर तिथं नुसतं नाव सांगायचं असतं. एकेका ओळीची फॅट देऊन फंक्शनला हाक मारण्याचं काम पांडाजचं.

पण कंस काढून टाकणं हा झाला सरळमार्गी माणसाचा उपाय. तुम्ही फंक्शनच्या व्याख्येतच ‘फॅट नाही दिली तर ६ धर’ असं लिहा. लगेच ती लाल ओळ जाईल आणि दुसरी येईल. कारण आता फंक्शन सहाच्या फॅटचा एक दर काढतं आणि पांडाज त्या दरालाच फंक्शन समजून कॉलमला लावायला जातो. पंचेचाळीस रुपयांना हाक मारली तर ते ‘ओ’ देणार कसे? तरी खचू नका. मघाची चूक आता राहिलेली नाही, ही प्रगतीच आहे.

पायरी २. रिटर्न विसरा

फंक्शनच्या आत दर नुसता प्रिंट करा. आकडे पडद्यावरून सरसर खाली उतरतात आणि सचिवांना वाटतं, काहीतरी मोठं चाललंय. ‘रिटर्न’ लिहायचं राहिल्यामुळे प्रत्यक्ष कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत ‘नन’ बसलेला असतो, पण लाल अक्षर एकही नसतं. म्हणजे आपल्या हिशेबानं पायरी पार.

याचीच पुढची इयत्ता म्हणजे रिटर्न लिहायचं, फंक्शन बरोबर लावायचं, आलेलं उत्तर डोळे भरून बघायचं आणि ते परत तक्त्यात ठेवायचंच नाही. पांडाज नवा कॉलम करून देतो, पण तो कुठं ठेवायचा हे तुम्ही सांगितलं नाही तर गुपचूप टाकून देतो. सचिवांनी फाइल उघडली की दराचा कॉलम पहिल्यासारखाच कोरा. ‘सेव्ह व्हायला वेळ लागतो,’ असं सांगा.

पायरी ३. आडवं की उभं, याचा घोळ घाला

दर फॅटवरून निघतो आणि एसएनएफवरूनही. म्हशीला ६ फॅट आणि ९ एसएनएफ, गाईला ३.५ आणि ८.५ हा पाया धरायचा आणि तिथून वरखाली जायचं. म्हणजे फंक्शनला अख्खी ओळ लागते. ते तक्त्याला लावलंत की पांडाज सांगतो, ‘फॅट’ नावाचं काही सापडत नाही.

कॉलम समोर दिसतोय. नाव बरोबर आहे. सचिवांनी बोट लावून दाखवलंय. तरी सापडत नाही. इथं पुष्कळ लोक लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतात. तुम्हीही करा, तेवढाच पाच मिनिटं विचार करायला वेळ मिळतो. भानगड एवढीच असते की पांडाजला दिशा सांगितली नाही तर तो फंक्शनच्या हातात ओळ न देता एकेक उभा कॉलम देतो, आणि लिटरच्या कॉलमात फॅट कुठून सापडणार? ‘अ‍ॅक्सिस बरोबर १’ लिहिलं की ओळी मिळतात.

तरीही सापडलं नाही तर मथळा तपासा. ऑपरेटरनं ‘फॅट’ लिहून पुढे एक स्पेस मारलेली असते. ती दिसत नाही, छापत नाही, आणि रात्री अकरापर्यंत झोपू देत नाही.

पायरी ४. कोऱ्या जागांना मान द्या

ही खरी विद्या आहे. सावकाश वाचा.

पावसाळ्यात ऐन संकलनाच्या वेळी वीज जाते. फॅट काढणारं मशीन बंद पडतं, दूध मात्र थांबत नाही. कॅन भरतात, लिटर वहीत लिहिले जातात, फॅटचा रकाना कोरा राहतो. जुन्या काळी गर्बरच्या नळ्या, सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि हातानं फिरवायचं यंत्र असायचं. वेळ लागायचा, पण विजेवाचून फॅट निघायची. आता कोरा रकाना पांडाजमध्ये येऊन ‘नॅन’ होतो. नॅन म्हणजे ‘हा आकडा नव्हे’, आणि गंमत अशी की त्याला आकड्यांच्याच पंगतीत बसवलेलं आहे. त्यामुळे तो फंक्शनमध्ये शिरताना कुणी अडवत नाही.

तुमचं फंक्शन साधं आहे: फॅट सहापेक्षा कमी असेल तर खालचा दर, सातपेक्षा कमी असेल तर मधला दर, नाहीतर वरचा दर. आता यात नॅन सोडा. नॅन सहापेक्षा कमी आहे का? नाही. सातपेक्षा कमी आहे का? नाही. कमी-जास्तीच्या कुठल्याही तुलनेला तो ‘नाही’च म्हणतो. ‘तू स्वतःइतका तरी आहेस का’ विचारलं तरी ‘नाही’. उरला ‘नाहीतर’. म्हणजे ज्या म्हशीचं दूध तपासलंच नाही तिला मुरगुडातला सगळ्यात वरचा दर.

लाल ओळ नाही. पिवळी सूचना नाही. कॉलम गच्च भरलेला. आणि सर्वांत महत्त्वाचं, तक्रारही नाही. ‘आमच्या म्हशीला कवा सातची फॅट लागली न्हाई, पैसं माघारी घ्या,’ असं म्हणत संस्थेच्या पायऱ्या चढलेला सभासद अजून जन्मायचा आहे. तक्रार येते ती ज्यांची फॅट व्यवस्थित निघाली त्यांच्याकडून: ‘सचिव, तिची म्हस आन माझी म्हस शेजारशेजारच्या गोठ्यातल्या, एकच वैरण खात्यात. मग तिला वरचा दर आन मला का खालचा?’ अशा वेळी पडद्याकडे बघत गंभीरपणे म्हणा, ‘मावशी, सिस्टीमनं काढलंय.’ या वाक्यावर उलटा प्रश्न विचारता येत नाही.

नियम माहीत असावा म्हणून सांगतो: फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘फॅट कोरी आहे का’ हे विचारायचं असतं, त्यासाठी पांडाजमध्ये ‘इझ-एनए’ नावाची सोय आहे, आणि कोऱ्या ओळी बाजूला काढून सचिवांच्या हातात द्यायच्या असतात. पण मग सचिव विचारतात, ‘ह्यांचं काय करायचं?’ आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. म्हणून तज्ज्ञ कोऱ्या जागी शून्य भरतात. बिनफॅटचं दूध, म्हणजे पाणी. सगळ्यात खालचा दर. आता तक्रार करणारे बदलले, संख्या तेवढीच राहिली. फारच आरडाओरडा झाला तर सगळ्यांची सरासरी भरा. त्यानं कुणाचंच समाधान होत नाही, पण सरासरी म्हटलं की माणसं जरा दबतात.

पायरी ५. ट्राय आणि एक्सेप्ट

मागच्या सगळ्या पायऱ्या जमल्या नाहीत तरी ही एक शिका. फंक्शनचं पोट ‘ट्राय’मध्ये घाला, खाली ‘एक्सेप्ट’ लिहा आणि त्यात ‘पास’. अर्थ असा: करून बघ, जमलं नाही तर कुणाला सांगू नकोस. यापुढे तुम्हाला लाल अक्षर दिसणार नाही. मशीननं ‘एरर’ असा शब्द पाठवला, पास. फॅटच्या जागी गावाचं नाव पडलं, पास. तोंडावर हात ठेवल्यावर कोण ओरडणार? ए-आयला विचारलंत तर तोही पुष्कळदा याच वळणाचा उपाय काढून देतो, तेही छान नमस्कार-चमत्कार करून.

पायरी ६. एकाच गावाची चार गावं करा

संस्थेनं गावातल्या सभासदांना वाहतूक माफ केली आहे. फंक्शनमध्ये लिहा: गाव ‘मुरगूड’ असेल तर कपात शून्य. चालवा. निम्म्या मुरगूडकरांची कपात होईल.

कारण ऑपरेटर बोलताना कायम ‘मुरगुडात’, ‘मुरगुडला’ म्हणतो, त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व ‘मुरगुड’ उमटतं. काही ओळींत दीर्घ. काहींत इंग्रजी स्पेलिंग. आणि काहींत दीर्घ असूनही पुढे ती न दिसणारी स्पेस. माणसाला हे एक गाव वाटतं, फंक्शनला चार. निढोरी आणि यमग्याची दुधं यांच्यात मिसळलेली नाहीत एवढंच समाधान. गावाला कोड क्रमांक दिला असता तर हे झालंच नसतं, पण तो विचार नेहमी बिल वाटल्यानंतर सुचतो.

यावर जागतिक तोडगा आहे. एक्सेल ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा जनुकांच्या नावांना तारखा समजून बदलून टाकायचं. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं कॉलम दुरुस्त करत राहिले आणि शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीनं सांगितलं, जाऊ दे, जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा नगरपरिषदेत ठराव मांडून बघायला हरकत नाही.

आकडे देवनागरीत टाइप झाले असतील तर आणखी मजा. फाइल वाचताना पांडाज ‘६.५’ला आकडा मानत नाही, अक्षरं मानतो. अशा फॅटला तुमच्या फंक्शननं दहा लिटरनं गुणलं की उत्तर पासष्ट येत नाही. ‘६.५६.५६.५’ असं दहा वेळा एकापुढे एक लिहून मिळतं. गुणाकार म्हणून त्यात खोट काढता येत नाही. त्याच अक्षरांना आधी ‘फ्लोट’मधून काढलं की सगळं सुरळीत होतं. पायथनला देवनागरी आकडे मुळातच वाचता येतात, फक्त वाच म्हणून सांगावं लागतं.

पायरी ७. पैशांचं गणित पायथनवर सोडा

सहाच्या वर प्रत्येक पॉइंटला वाढीव दर आहे. फॅट ६.३. पॉइंट किती? तीन, असं तुम्ही म्हणाल. सचिव म्हणतील. म्हैसही म्हणेल. पायथन ६.३ मधून ६ वजा करतो, ०.१ नं भागतो आणि २.९९९९ अशी लांबलचक संख्या काढतो, कारण ६.३ हा आकडा त्याच्या शून्य आणि एकच्या जगात नेमका बसतच नाही. तुम्ही ‘इंट’ लावून पूर्णांक मागितला की उरलेलं छाटलं जातं. पॉइंट दोन.

हेच फंक्शन उसाला लावून बघा. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा १०.३५ घाला. वाढीव टप्पे किती? पायथन म्हणतो, शून्य. टनाला ३४ रुपये ६० पैसे तुमच्या एका ओळीनं खाल्ले. ऊस परिषदेत घोषणा व्हायला याहून कमी कारण पुरतं. टप्पे मोजण्याआधी राउंड केलं असतं तर वाचले असते.

म्हणून प्रत्येक ठिकाणी राउंड करा, असा धडा घेऊ नका. बिलात ४१२ रुपये ५० पैसे आले आणि राउंड केलं तर ४१२ होतात. शेजारणीचे ४१३ रुपये ५० पैसे आले तर ४१४. पायथन अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे ढकलतो. मोठ्या हिशेबात चूक एकाच बाजूला साचू नये म्हणून ही रीत आहे. बिल घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या बाईला ती समजावून सांगा. मी जवळपास नसेन.

पायरी ८. बढती: उसाची नोंद

दुधाचं बिल वाटून झालं आणि तुम्ही अजून गावात राहत असाल, तर पुढचं काम आपोआप येईल. बिद्री किंवा हमीदवाड्याच्या कारखान्याला ऊस घालणारे एखादे चुलते लागणीची यादी घेऊन येतील: नाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख. ‘एकरी चाळीस टन धर आन टनेज काढ.’

क्षेत्र १.२०. चाळीसनं गुणा. अठ्ठेचाळीस टन. चुलते म्हणतील साठ. त्यांचं १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दीड एकर. तुमच्या फंक्शनला ठिपका दिसला की ते दशांश समजतं. बारा टन ऊस शिवारातच राहिला. त्यातच यादीतल्या काही ओळी सातबाऱ्यावरून उतरवलेल्या असतात, तिथं हाच दीड एकराचा तुकडा साधारण ०.६० असा दिसतो, कारण तो हेक्टर-आरमध्ये आहे. एकाच कॉलमात दोन मापं, आणि ठिपका दोघांचा सारखाच. क्षेत्र अक्षरं म्हणून वाचायचं, ठिपक्याच्या दोन बाजू वेगळ्या करायच्या, कुठली ओळ कुठल्या मापात आहे ते विचारायचं, असा उपाय आहे. कंटाळवाणा आहे. त्यापेक्षा चुलत्यांना नासाची गोष्ट सांगा: १९९९ साली मंगळाकडे धाडलेलं यान हरवलं, कारण एका चमूचे आकडे पौंडाच्या मापात होते आणि दुसऱ्यानं ते न्यूटनचे समजून घेतले. एवढ्या शहाण्या माणसांचं यान जातं, तिथं आपले बारा टन काय? चुलते ऐकून घेतील, आणि मग म्हणतील, ‘त्यांचं सरकारचं हुतं. माझा ऊस हाय.’

तारखेचं सांगायला हवंच, कारण तोडणीची पाळी लागणीच्या तारखेवरून लागते. ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट, आडसाली लागण. पांडाजला सांगितलं नाही तर तो महिना आधी धरतो आणि आठ मे करतो. मे महिन्यात आडसाली लावणारा शेतकरी तुम्हाला मुदाळ तिट्ट्यापर्यंत शोधूनही सापडणार नाही, पण फंक्शनला तेवढी शेती कळत नाही. पुढे १३/०८ आली की मात्र ते अडतं, कारण तेरावा महिना नसतो. इथं लाल ओळ येते. ही लाल ओळ तुमच्या भल्याची असते, त्यामुळे अर्थातच ती घालवायची. त्यासाठी ‘कोअर्स’ लिहा. वाचता न आलेल्या सगळ्या तारखा कोऱ्या होतात, आणि कोऱ्यांचं काय करायचं ते पायरी ४ मध्ये शिकला आहातच. ‘दिवस आधी’ एवढं एक सांगितलं असतं तरी काम झालं असतं, पण मग कोअर्स कधी शिकणार?

पायरी ९. वेग

फाइल मोठी झाली की ओळीओळीला फंक्शन लावणं रेंगाळतं. लिटरचा कॉलम सरळ दराच्या कॉलमनं गुणता येतो, त्याला फंक्शन लागतच नाही, आणि ते कैकपटींनी जलद होतं. हे सचिवांना कळू देऊ नका. पडद्यावर काहीतरी फिरत राहिलं की तुमची किंमत राहते.

शेवटची सूचना. एखादा निवृत्त शिक्षक किंवा जुना क्लार्क येऊन सांगेल की कुठल्याही पाच ओळी निवडा, त्यात एक कोरी, एक बरोबर सहा फॅटची आणि एक चुकीच्या स्पेलिंगची घ्या, त्यांचा दर आधी कागदावर हातानं काढा आणि मग फंक्शनचं उत्तर ताडून बघा. गृहस्थांना पाणी द्या, आदरानं बसवा, पण त्यांच्या नादाला लागू नका. कागदावरचं उत्तर सहसा बरोबर येतं, आणि मग फंक्शन चुकलं हे सगळ्यांसमोर मान्य करावं लागतं.